फ्लीटकाठची हिरवी भिंत

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी मुंबईहून इथे राहायला आलो. घर १९००च्या सुमाराचं, उघड्या विटांचं. मागे फ्लीट कालव्याचं पाणी. उत्तरेकडची भिंत पार हिरवी झाली आहे आणि खिडक्यांवरच्या दगडी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत. दिवाळीआधी घर धुऊन काढायची आमची सवय. शेजारच्या आजी रोज उंबरठा घासतात, काचा लखलखीत ठेवतात, पण त्यांचीही भिंत आमच्यासारखीच हिरवी! टापटिपीसाठी जगभर नाव असलेल्या देशात जुन्या भिंती अशा का राहू देतात? प्रेशर वॉशर भाड्याने आणून आम्ही ती धुतली तर काही बिघडेल का?
– एक वाचक, लायडस्खेनडाम-फोरबर्ग

उत्तर : प्रेशर वॉशरबद्दल आधी सांगतो, कारण तो आणायला एक शनिवार पुरतो आणि त्याने झालेलं नुकसान भरून निघत नाही. आणू नका.

तुमच्या घराच्या विटा नदीच्या गाळाच्या मातीच्या असणार. त्या भागात ओल्ड ऱ्हाइन आणि हॉलंड्स आयसल या नद्यांकाठी शतकानुशतकं विटांच्या भट्ट्या होत्या, कारण नेदरलँड्सच्या त्या पट्ट्यात बांधकामाचा दगड नाहीच. दगड लागला तर जर्मनीतल्या बेंटहाइमहून किंवा बेल्जियममधून आणावा लागे. भट्टीत वीट भाजली जाते तेव्हा भाकरीला पापुद्रा सुटावा तसं तिला बाहेरून एक कडक, घट्ट कवच येतं. आतला गाभा त्यामानाने मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीचं पावसापासून बरंचसं रक्षण हे कवचच करतं. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब १०० ते १५० बार असतो. तुमच्या नळाचा जेमतेम तीन-चार बार. त्या फवाऱ्याने हिरवा थर तर निघतोच, सोबत कवचाचे कण आणि विटांमधल्या चुन्याच्या दर्जाही निघतात. शिवाय पाणी भिंतीच्या आत खोल ढकललं जातं. थंडीत ते गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि विटेचा दर्शनी भाग चकत्यांनी उडून येतो. एवढं झाल्यावर उरलेली खरखरीत भिंत आधीपेक्षा जास्त पाणी, जास्त धूळ आणि जास्त बीजाणू धरून ठेवते. म्हणजे दोन-तीन हिवाळ्यांत ती पुन्हा हिरवी होते, आणि आता तिच्यावर कवच नसतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर वाळूच्या माऱ्याने जुन्या इमारती 'नव्यासारख्या' करण्याची लाट आली होती. तेव्हा सोलून निघालेल्या भिंती आजही ओळखू येतात. विटांच्या कडा गोल झालेल्या, पृष्ठभाग भुसभुशीत, आणि रंग शेजारच्या न धुतलेल्या घरापेक्षा जास्त मळका. स्वच्छतेच्या हौसेतून झालेलं हे नुकसान मला फार लागतं, कारण ते करणाऱ्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

आता हे हिरवं काय आहे ते पाहू. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. भिंतीवर बोट फिरवल्यावर पावडरीसारखं हाताला लागतं ते बहुधा एकपेशीय शैवाल असतं. त्याला मुळं नसतात, मातीही लागत नाही. हवेतला ओलावा, थोडा उजेड आणि थोडा नत्र एवढ्यावर ते जगतं. सांध्यांत मऊ गादीसारखं वाढतं ते खरं शेवाळ. त्याला धरायला जागा आणि साठलेलं पाणी हवं असतं. दगडी पट्ट्यांवर करडे किंवा पिवळे-नारिंगी गोल ठिपके दिसत असतील तर ते दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचे ते भाऊबंद. तिघांपैकी पावडरीसारखं शैवाल विटेला जवळजवळ काहीच करत नाही. शेवाळ ओल धरून ठेवतं म्हणून त्रासदायक. दगडफूल मात्र दगडाच्या पृष्ठभागात शिरून बसतं, त्यामुळे ते ओरबाडून काढण्याने होणारी इजा त्याच्या असण्याने होणाऱ्या इजेपेक्षा बहुतेकदा मोठी ठरते.

मुंबईच्या माणसाला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तुमच्याकडे नऊशेच्या आतबाहेर. मग भिंत तिथेच जास्त हिरवी का? कारण मुंबईची भिंत चार महिने भिजते आणि आठ महिने भाजून निघते. फोरबर्गची भिंत बारा महिने थोडी थोडी भिजते आणि हिवाळ्यात तिला वाळायला वेळच मिळत नाही. तुम्ही ५२ अंश उत्तरेला राहता. डिसेंबरात भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. उत्तरेच्या भिंतीला तर सप्टेंबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत सूर्याचं थेट दर्शनच नाही. हिवाळ्यात हवेतली आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या वर राहते, त्यात मागे कालव्याचं पाणी, पहाटेचं धुकं, दव. तिथला झोडपणारा पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सर्वांत जास्त भिजणारी भिंत दुसरीच असते. तुमची उत्तरेची भिंत कमी भिजते, पण वाळत नाही, आणि शैवालाला तेवढंच पुरतं. घराला आतून उष्णतारोधक थर बसवला असेल तर बाहेरची वीट आणखी थंड राहते आणि दव आणखी टिकतं.

याला एक ऐतिहासिक बाजूही आहे. तुमच्या शेजारच्या आजींच्या लहानपणी बहुधा त्याच भिंती हिरव्या नव्हत्या, काळ्या होत्या. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या आणि त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवालाला आणि दगडफुलाला मारत असे. १९५९मध्ये ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्टरनजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, साठच्या दशकात देशभरच्या घरांत वायूच्या नळ्या गेल्या, आणि १९७४च्या अखेरीस लिम्बर्गची शेवटची कोळसा खाणही बंद झाली. हवा स्वच्छ झाली आणि जीव परतले. त्याच काळात गुरांची संख्या वाढत गेली. शेणामुतातून निघणारा अमोनिया हवेत मिसळतो आणि नत्रावर वाढणाऱ्या पिवळ्या-नारिंगी दगडफुलांना आणि शैवालांना आयतं खत मिळतं. तुमच्याच नगरपालिकेत स्टॉम्पवाइकची कुरणं आहेत, तिथली गुरं तुम्ही सायकलवरून जाताना पाहिली असतील. नत्राचा हा प्रश्न त्या देशात इतका मोठा आहे की मे २०१९मध्ये तिथल्या राज्य परिषदेच्या निकालाने सरकारची नत्रविषयक परवाना-पद्धतच मोडीत निघाली. तुमच्या भिंतीवरचा हिरवा रंग हा काही अंशी स्वच्छ झालेल्या आणि काही अंशी बिघडलेल्या हवेचा एकत्रित हिशेब आहे.

गाईंचा विषय निघालाच आहे तर टापटिपीचं कोडंही तिथेच सुटतं. सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंडमध्ये आलेल्या परदेशी प्रवाशांना तिथल्या बायकांनी उंबरठे, पायऱ्या, अगदी घरापुढची फरसबंदीसुद्धा घासताना पाहून नवल वाटे. बास फान बाव्हेल आणि ऑस्कर खेल्डरब्लोम या दोन इतिहासकारांनी २००९मध्ये असं मांडलं की या स्वच्छतेचं मूळ धर्मोपदेशापेक्षा लोणी-चीजच्या धंद्यात आहे. घराघरांत लोणी निघत असे, भांड्याला किंवा जमिनीला जराशी घाण राहिली तरी माल नासे, म्हणून घासणं अंगवळणी पडलं. मला हे पटतं, कारण त्यातून काय घासायचं आणि काय नाही याचा उलगडा होतो. घासला जाई तो पायाखालचा कठीण निळसर दगड, लाद्या, भांडी. काचांसाठी पितळी हातपिचकारी असे. तिने पाणी उंच उडवून वरच्या खिडक्या धूत. विटेची भिंत या यादीत नव्हती. आजींचं वागणं त्या जुन्या शहाणपणाला धरून आहे.

मग भिंतीची काळजी घेतच नसत का? घेत, पण बांधतानाच. तुमच्या घरापासून फार दूर नसलेलं हॉफवाइक पाहून या. फोरबर्ग स्टेशनला लागूनच आहे. कवी आणि मुत्सद्दी कॉन्स्टंटाइन हायगेन्स यांनी १६४२मध्ये पूर्ण केलेलं हे उन्हाळी घर चारी बाजूंनी पाण्यात उभं आहे. शनीचा चंद्र टायटन शोधणारे आणि लंबकाचं घड्याळ घडवणारे ख्रिस्तियान हायगेन्स त्यांचे चिरंजीव. तेही उत्तरायुष्यात इथे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडलं जाण्याच्या बेतात होतं, एका संस्थेने विकत घेऊन ते वाचवलं आणि आज तिथे संग्रहालय आहे. पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात उभी असलेली विटांची इमारत पाहिली की ओलीशी भांडायचं कुठे आणि जुळवून घ्यायचं कुठे, हे डोळ्यांनी कळतं.

डच गवंडी जुन्या घराच्या तळाला जास्त भाजलेल्या, कठीण विटांचे काही थर देत आणि ते चुन्यात ट्रास मिसळून बांधत. ट्रास म्हणजे जर्मनीतल्या आयफेल डोंगरातल्या ज्वालामुखी खडकाची पूड; ती घातली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो. आपल्याकडे चुन्यात सुरखी मिसळत ती याच कामासाठी, आणि काळ्या दगडाचं जोतं बांधत तेही जमिनीची ओल वरच्या भिंतीत चढू नये म्हणूनच. तुमच्या घराच्या तळाशी जमिनीलगत विटांचा रंग किंवा पोत वेगळा दिसत असेल तर ते हे जोतं. त्याच्यावर मातीचा ढीग, फुलझाडांचे वाफे किंवा नवी फरसबंदी चढली असेल तर जमिनीची ओल त्याला वळसा घालून थेट मऊ विटांत जाते. तिथल्या हिरव्या भिंतींमागचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि त्यावरचा उपाय खुरपं आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच : भिंत धुण्याआधी पाणी शोधा. जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठून येतं ते पाहा. पन्हळ कुठे भरून वाहते? उतरत्या नळाचा सांधा सुटला आहे का? खिडकीखालच्या पट्टीचं पाणी पुढे टपकण्याऐवजी भिंतीवरून ओघळतं का? जिथे हिरवा पट्टा उभा आणि अरुंद असेल तिथे वर बहुतेक गळती सापडेल. भिंतभर सारखा फिकट हिरवा रंग असेल तर ती हवेची ओल. तिथे झाडाची एखादी फांदी छाटून वाऱ्याला वाट केली तरी फरक पडतो.

मग दर्जा तपासा. जुना चुना पेन्सिलच्या टोकानेही थोडा खरवडतो आणि ते ठीक आहे. पण आधीच्या कुणी मालकाने करड्या सिमेंटने दर्जा भरल्या असतील तर ते खरं दुखणं. भिंतीतली ओल नेहमी मऊ वाटेने बाहेर पडते. दर्जा चुन्याच्या असतील तर ती तिथून जाते आणि झिजतो तो चुना, जो पुन्हा भरता येतो. दर्जा सिमेंटच्या असतील तर ओल विटेतून निघते, लोणा लागतो आणि वीट मागे सरकून सिमेंटची जाळी तेवढी पुढे राहते. असं दिसलं तर धुण्याचा विचार सोडा आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

एवढं झाल्यावर जे हिरवं उरेल ते सलग कोरड्या दिवसांत, एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान, मऊ केसांच्या ब्रशने कोरडंच झाडा. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण विटेत अडकून पुढे गंजाचे डाग पडतात. शेवाळाच्या गाद्या लाकडी पातीने अलगद काढा. याहून जास्त हवं असेल तर कमी दाबाची गरम वाफ ही मला मान्य असलेली एकमेव यांत्रिक पद्धत, आणि तीही जुन्या इमारतींवर काम केलेल्या माणसाकडून. आधी मागच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहा आणि निदान एक ऋतू थांबा.

घरगुती उपायांचा मोह होईल. तिथल्या दुकानांत साफसफाईचा व्हिनेगर स्वस्तात मिळतो, आपल्याला बाथरूमच्या ॲसिडची सवय. दोन्ही आम्ल आहेत आणि दोन्ही चुना विरघळवतात. ब्लीचने हिरवा रंग तासाभरात जातो खरा, पण मागे क्षार भिंतीत राहतात आणि तेच पुढे लोणा होऊन बाहेर येतात. शिवाय तुमच्या भिंतीचं पाणी फ्लीटमध्ये जातं. रसायनं कालव्यात सोडायला मनाई आहे. लायडस्खेनडामच्या जलपाशापाशी डेल्फलंड आणि ऱ्हाइनलंड या दोन जुन्या जलमंडळांची पाणी-हद्द लागते, आणि दोन्ही मंडळं पाण्याबाबत कडक आहेत.

दगडी पट्ट्यांवरचा काळेपणा तसाच राहू द्या. तो बेंटहाइमचा वालुकाश्म असेल तर काळवंडणं हा त्याचा स्वभावच आहे. ॲमस्टरडॅमचा राजवाडाही त्याच दगडाचा. तो थर घट्ट असेल, खाली दगड भुसभुशीत होत नसेल, तर त्याला काढून काही साधत नाही. दगड पोपडे धरून सुटत असेल तर मात्र जाणकार बोलवावा लागेल. अशा डागांसाठी घासण्याऐवजी लेप देण्याची रीत आहे. ताजमहालाचा पिवळेपणा काढायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचा लेप देतं, त्याच तत्त्वावर.

काम सुरू करण्यापूर्वी दोन चौकशा जरूर करा. घर राष्ट्रीय किंवा नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते पाहा. असेल तर भिंतीची सफाई ही साधी देखभाल की परवाना लागणारा बदल, हे पद्धतीवर ठरतं, म्हणून नगरपालिकेला आधी विचारा. दुसरी चौकशी पाकोळ्या आणि वटवाघळांची. कौलांखालच्या फटींत पाकोळ्या एप्रिलअखेरीपासून ऑगस्टपर्यंत घरटी करतात, वटवाघळं भिंतीच्या पोकळीत राहतात, आणि दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. परांची बांधण्यापूर्वी हे पाहावंच लागतं.

नेदरलँड्समध्ये १९७३पासून 'मोन्युमेंटनवाख्ट' नावाची एक व्यवस्था आहे. तिचे निरीक्षक जुन्या इमारती ठरावीक काळाने तपासतात, छतावर चढतात, पन्हळी साफ करतात, सुटलेलं कौल बसवतात आणि मालकाला लेखी अहवाल देतात. तुमचं घर यादीत असेल तर तिचे वर्गणीदार व्हा. अशी व्यवस्था आपल्या वाड्यांना आणि कोकणातल्या घरांना मिळाली असती तर किती काही उभं राहिलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि दिवाळीआधी काय करायचं? उंबरठा, पायऱ्या, दारं आणि काचा जोरात धुवा, कंदील लावा. नोव्हेंबरच्या तोंडावर भिंत ओली करू नका. तिला वाळायला पुढचे पाच महिने ऊन नाही.

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ जांभ्या दगडाचं आहे, बाहेरून गिलावा नाही. दर पावसाळ्यात चिरे काळे-हिरवे होतात. ठेकेदार पारदर्शक वॉटरप्रूफ कोटिंग मारा म्हणतो. मारावं का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नको. जांभा सच्छिद्र आहे आणि त्यात पाणी चार वाटांनी जातं : जमिनीतून, सांध्यांतून, भिंतीच्या माथ्यावरून आणि समोरून. कोटिंग यातली एकच वाट बंद करतं, आणि आत आलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही तीच असते. मग ओल कोटिंगच्या मागे अडते, क्षार तिथेच साठतात आणि चिऱ्याची पुढची कड सुटू लागते. एकदा दगडात मुरलेलं ते द्रव्य पुन्हा काढता येत नाही. विटांच्या जुन्या भिंतींवर असं जलरोधक द्रव मारण्याबाबत नेदरलँड्समधले जाणकारही सावध असतात, आणि तुमच्याकडे तर पाऊस त्यांच्या तिप्पट-चौपट.

तुमच्या आजोबा-पणजोबांनी भिंत धुतली नव्हती आणि रंगवलीही नव्हती. त्यांनी तिच्यावर पाऊस पडू दिला नव्हता. छपराची वळचण लांब ठेवली, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असं पाहिलं, आणि झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. छप्पर बदलताना तुमची वळचण आखूड झाली आहे का, ते आधी पाहा. पत्रा किंवा स्लॅब आल्यावर हे फार घरांत झालं आहे. ती वाढवता येत असेल तर कोटिंगचा खर्च तिथे घाला. झडीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा देणं हाही जुना आणि चांगला उपाय. सिमेंटचा नको.

काळा-हिरवा थर दिवाळीनंतर उन्हाने आपोआप सुकून पडतो, तो केरसुणीने झाडला की पुरे. सांध्यात पिंपळाचं किंवा वडाचं रोप दिसलं तर मात्र थांबू नका. बोटाएवढं असताना ते मुळासकट निघतं. मनगटाएवढं झालं की ते काढण्यासाठी चिरेच उकलावे लागतात. रोप काढल्यावर उरलेलं भोक त्याच दिवशी चुन्याने बुजवा आणि मे महिन्यात एकदा सगळ्या भिंती या नजरेने पाहून घ्या.